शेवटचा तांब्या आंबट

मी येवला सोडलं त्या दिवशी निम्मी एसटी शिंकत होती. मला वाढवून सांगायची सवय आहे हे ओळखीतलं कुणीही सांगेल, पण शिंकांचं खरं आहे.

चौऱ्याण्णव सालचा जून होता. बी.कॉम. झालं होतं, मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि नाशिकला, पंचवटीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करायची नोकरी लागली होती. नोकरीसाठी एकटीने गाव सोडणारी आमच्या गल्लीतली मी पहिलीच. स्टँडवर सोडायला अण्णा, आई आणि थोरली आत्या असा सगळा लवाजमा आला होता. अण्णा पैठणी विणायचे. मागावर बसले की दिवस दिवस बोलायचे नाहीत, आणि मागावरून उठले तरी ती सवय सुटायची नाही. त्यामुळे आमच्या घरातलं बोलण्याचं खातं पूर्णपणे आत्याकडे होतं.

आत्या खिडकीशी आली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. तिकडचं पाणी मानवलं तर राहा. नाय मानवलं तर गुपचूप घरी. कोपरगावचं स्थळ काय पळून जात नाय."

मानवलं की नाही हे ठरवणार कोण, असं मी विचारलं. तिने माझ्या वेणीकडे बोट केलं. "ही सांगंल."

आत्याचा हा सिद्धांत आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ होता. माणूस खोटं बोलतं, तोंडावर पावडर लावून चेहराही खोटं बोलतो, पण केस खोटं बोलत नाहीत. सासरी सुखात आहे म्हणून सांगणाऱ्या भाच्यांच्या वेण्या ती मुठीत धरून बघायची आणि नुसती 'हं' म्हणायची. त्या 'हं'वरून एका भाचीला चार महिने माहेरी ठेवून घेतलं होतं. माझी वेणी तेव्हा कमरेच्या खाली जायची आणि जाडीला आत्याच्या मनगटाएवढी होती. तेव्हा दिवाळीला माझा निकाल काय लागणार याची मला तिळमात्र काळजी नव्हती.

गाडी हलली तसा आईने खिडकीतून एक पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ढकलला. घरी कुटलेली शिकेकाई. त्या डब्याचं झाकण विंचूरच्या अलीकडे एका खड्ड्यात उडालं. माझ्या शेजारी कांद्याचे एक व्यापारी बसले होते, पांढरंशुभ्र धोतर नेसून. ते बदामी झाले. मग पुढची बाकं शिंकायला लागली, मग मागची, आणि कंडक्टर तर तिकीट फाडायचा आणि शिंकायचा, फाडायचा आणि शिंकायचा. निफाडला उतरताना ते व्यापारी एवढंच म्हणाले, "ताई, माझ्या घरचे विचारतील, मी काय सांगू?" अशा रीतीने मी नाशिकला पोचले ते रिकामा डबा घेऊन.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकवीस वर्षांची होईपर्यंत मी स्वतःचे केस कधी धुतलेच नव्हते. दर रविवारी आई धुवायची. मी पाटावर पाय दुमडून, मान खाली घालून, डोळे गच्च मिटून बसायचे, कारण शिकेकाई डोळ्यांत गेली की काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. वर काय चाललंय ते मला दिसायचं नाही. बोटं फिरायची, तांबे ओतले जायचे आणि शेवटी आई पाठीत थाप मारायची, म्हणजे ऊठ. केस चांगले असणं हा माझा अंगचा गुण आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पंचवटीत मी एका बाईंच्या घरी माडीवर पेइंग गेस्ट म्हणून राहायचे. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा आली की स्कूटरवाल्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. खोलीत दुसरी मुलगी प्रमिला, सटाण्याकडची, नर्सिंग शिकणारी. ती चिडली किंवा घाबरली की अहिराणी बोलायची, एरवी आपलं मराठी. नळाला धरणाचं गोड पाणी यायचं ते सकाळी थोडा वेळ, आणि ते प्यायला. बाकी सगळं बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्याला साबण माहीतच नव्हता. चोळ चोळ चोळायचा, फेस म्हणून नाही. बादलीच्या कडेला पांढरा थर तेवढा धरायचा.

शिकेकाई संपली होती, म्हणजे एसटीत वाटली गेली होती. आणि खरं सांगू का, मला मनातून आनंदच झाला होता. आता शाम्पू! तेव्हा किराणा दुकानांच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायच्या, हिरव्या, गुलाबी, सोनेरी, लग्नाच्या मांडवासारख्या. मी त्या मांडवाखाली उभी राहून स्वयंवर करायचे. निवडायचे कशावरून? पुडीवरच्या बाईवरून. एकीचे केस हवेत उडत होते, एकीचे पाण्यासारखे सांडत होते. एका पुडीवर अंड्याचं चित्र होतं, ती मात्र आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन मी परत टांगायला लावली. दुकानदार कंटाळून म्हणायचा, ताई, आत सगळं सारखंच असतं. मला ते पटायचं नाही. मी दर वेळी नवी पुडी घ्यायचे, आणि फेस येत नाही म्हणून एकाऐवजी तीन फोडायचे.

महिन्याभरात केस हाताला खरखरीत लागायला लागले. दुसऱ्या महिन्यात कंगवा अडायला लागला. मी विचार केला, आणि इथे माझा घात झाला, कारण मी विचार केला तो विणकराच्या मुलीसारखा. आमच्या शेजारी रंगारीकाका होते. कच्चं रेशीम त्यांच्याकडे यायचं तेव्हा राठ असायचं, काथ्यासारखं. त्याच्यावर डिंकासारखा थर असतो. काका ते साबण आणि धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळायचे, की थर निघून रेशीम असं मऊ पडायचं की बोटांतून निसटावं. लहानपणी ती जादू बघायला मी, माझा भाऊ आणि गल्लीतली पोरं त्यांच्या दारात ठाण मांडून बसायचो. मग माझ्या केसांवर तरी काय आलंय? थरच की! बादलीवर दिसतो तोच. आणि केस तरी काय, रेशीमच. मी बाजारातून सोडा आणला, पाणी चांगलं कडक तापवलं, मूठभर सोडा टाकला आणि डोकं बुडवलं. फेस काय आला म्हणून सांगू. मी त्या फेसात गाणं म्हटलं.

केस वाळले तेव्हा प्रमिला ड्यूटीवरून आली. दारातच थबकून म्हणाली, "हाई काय शे व माय?"

आरशात बघितलं तर डोक्यावर नारळाची शेंडी होती, फक्त कमरेपर्यंत लांब. रंग तांबूस, टोकं फाटलेली, आणि कंगवा घातला की कडकड आवाज. पुढच्या आठवड्यांत ते तुटायला लागले. उशीवर, कीबोर्डवर, वरणात. छापखान्याचे मालक सज्जन, पण एकदा त्यांच्या हातात पत्रिकेचं प्रूफ गेलं त्यावर माझा एक केस असा काही चिकटला होता की वराच्या नावाला दोन वेलांट्या दिसत होत्या.

मग सुरू झाले उपाय. प्रमिलाच्या वॉर्डातल्या प्रत्येक आजारी बाईकडे एक होता. दही लावलं, मेथ्या वाटून लावल्या, जास्वंदीची पानं लावली, घरमालकीणबाईंनी दिलेलं कसलंसं काळं तेल लावलं, ज्याच्या वासाने गल्लीतली मांजरं आमच्या माडीवर मुक्कामाला आली. मी हसून सांगतेय खरी, पण तेव्हा कंगव्यात आलेले केस मी बोटाला गुंडाळून रोज मोजायचे. मला तिथून परत जायचं नव्हतं. दिवसभर मी इतरांची लग्नं टाइप करत होते, चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी, आणि माझं कोपरगाव मात्र मला नको होतं. मला ती माडी हवी होती, दुपारचा छापखान्यातला चहा हवा होता, संध्याकाळी एकटीने भाजीबाजारातून हिंडत येणं हवं होतं. आणि हे सगळं टिकणार की नाही, ते माझ्या पाठीवर लोंबणारं एक सुंभ ठरवणार होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्रमिला मला मेन रोडला घेऊन गेली आणि आम्ही गंगावन विकत घेतलं. हल्लीच्या मुलींना गंगावन माहीत नसेल. वेणीत गुंफायचे खोटे केस. नाटकातल्या नायिका घालतात तसले. ते काळंभोर, लांब, झुपकेदार शेपूट माझ्या उरल्यासुरल्या केसांत गुंफून, वर तेल थापून प्रमिलाने अशी वेणी घातली की आम्हा दोघींचाही तिच्यावर विश्वास बसला.

येवल्यात पहिला प्रवेश झकास झाला. आत्याने उंबऱ्यातच वेणी मुठीत घेतली. तिला चष्मा लागला होता, पण चष्म्याने बाई म्हातारी दिसते म्हणून ती लावत नसे. "हं," म्हणाली, पण हे 'हं' चांगलं होतं. अण्णांनी मागावरून मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. आई चकली पाडत होती.  रात्री जेवताना मला वाढताना ती थोडा जास्त वेळ माझ्या मागे उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ. आमच्याकडे त्या दिवशी पोरींच्या डोक्याला तेल लावायचा मान आत्याचा. मी रात्रभर मनात कारणं जुळवली होती, ताप, सर्दी, अगदी मोक्याला चक्कर येऊन पडणंसुद्धा. आत्या तेलाची वाटी घेऊन उठली, तेवढ्यात आई म्हणाली, "वन्सं, तुमचा खांदा दुखतोय ना कालपासून? तुम्ही उटणं कालवा. मी घालते हिला." खांद्याला तोवर काही झालं नव्हतं, पण आपली कुणीतरी काळजी करतंय म्हटल्यावर आत्याचा खांदा तिथल्या तिथे दुखायला लागला.

न्हाणीघराचं दार लावून आईने कडी घातली. बंब पेटला होता. मी सवयीने पाटावर बसले, मान खाली घातली, डोळे मिटले. वेणी सुटत गेली आणि मग आईचा हात थांबला. गंगावन तिच्या हातात आलं होतं. मी डोळे उघडले नाहीत. तिने ते खुंटीला अडकवलं, त्याचा आवाज आला. मग तिने माझ्या खऱ्या केसांची एक बट घेतली आणि आंगठ्याने बोटावर चोळली. कांडी भरण्याआधी रेशमाचा धागा ती असाच चोळून बघायची.

"सोडा?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. पुड्या, बोअर, रंगारीकाका, मूठभर सोडा. सांगता सांगता मला रडू यायला लागलं होतं, पण मागून विचित्र आवाज यायला लागला म्हणून वळून बघितलं, तर आई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. बाहेर आत्या असल्यामुळे तिला मोठ्याने हसता येईना आणि थांबताही येईना.

"रंगाऱ्याचा सोडा तेवढा बघितलास व्हय गं? नंतर तो रेशीम कशात बुडवतो ते नाय बघितलं?" ती दम घेत म्हणाली. "आंबट पाण्यात. त्याबिगर चकाकी यायची कुठनं? आणि मी तुझ्या डोक्यावर इतकी वर्षं शेवटचा तांब्या कशाचा ओततेय?"

"पाण्याचा."

"लिंबाचा. तू कधी डोळे उघडशील तर दिसंल."

मग ती पाटाशेजारी टेकली आणि हलक्या आवाजात जे बोलली ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. आई मूळची वणीची. तिकडचं डोंगराचं पाणी हलकं. लग्न होऊन ती येवल्यात आली, तेव्हा विहिरीच्या खाऱ्या पाण्याने पहिल्या वर्षातच तिची वेणी करंगळीएवढी झाली होती. ती पदर पुढे ओढून हिंडायची. लिंबाची युक्ती तिला तिचीच सापडली, कितीतरी उशिरा, ताटं लिंबाने घासता घासता. "माझ्या केसांकडं बघून कोणी म्हटलं नाय, हिला इथलं मानवत नाय, हिला वणीला पाठवा," ती म्हणाली. "सुनेला मानवतंच, असं धरून चालायचं. मी पण धरून चालले."

बंबातलं लाकूड फुटलं. बाहेरून आत्याने विचारलं, झालं का. आईने सांगितलं, होतंय. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुला तिथं राहायचंय?"

"हो."

"केस गेले तरी?"

"हो."

"मग खाली बघ."

तेलाच्या ताटात तिने रुमालाखाली अण्णांची मागावरची कात्री झाकून आणली होती. म्हणजे तिला आदल्या रात्रीच कळलं होतं. वर तांबूस, खाली काळीभोर अशी वेणी कुठल्या देवाने दिली, असं नंतर म्हणाली. ऐन दिवाळीच्या दिवशी, पहिल्या आंघोळीला, लग्नाच्या मुलीच्या केसांना कात्री! आत्याला कळतं तर तिने तिथेच अंग टाकलं असतं. आईने खांद्याच्या थोडं खालून सगळं कापलं, बंबात घातलं, आणि त्या वासावर उतारा म्हणून वर मूठभर धूप टाकला. मग तेल, मग शिकेकाई. शेवटचा तांब्या ओतताना मी डोळे उघडे ठेवले. चरचरले, पण बघितलं. अर्धं लिंबू तिच्या मुठीत होतं.

बाहेर आलो तेव्हा आत्याचा हात उटण्यातच थांबला. तिने काही म्हणायच्या आत आईने जाहीर केलं की तिथे हापिसात मशिनपुढे बसावं लागतं, त्या कॉम्प्युटरला आत पंखा असतो, लांब केस त्यात ओढले जातात, म्हणून मीच कापले. इतक्या शांतपणे की मला स्वतःला त्या पंख्याची भीती वाटली. आत्या आत गेली आणि चष्मा लावून आली. आमच्या घरात तो चष्मा पहिल्यांदाच माणसांसाठी बाहेर निघाला होता. तिने ओले केस हातात घेतले, दाबले, सोडले, पुन्हा घेतले.  लिंबाने आपलं काम केलं होतं.

"मऊ हायेत," ती शेवटी म्हणाली, काहीशा नाराजीनेच. "मानवलेलं दिसतंय."

तेव्हा मागावरून अण्णा बोलले. "मग जाऊ दे तिला." धोटा पुन्हा चालू झाला.

आता गंगावनाचं काय झालं ते राहिलंच. त्या पाडव्याला आई ओवाळायला उभी राहिली तेव्हा तिचा अंबाडा कधी नव्हे तेवढा भरदार होता. अण्णांनी ओवाळणी टाकली, जागेवर गेले आणि वळून पुन्हा बघितलं. आणि माझ्या पिशवीत उरलेली हिरव्या सफरचंदाच्या वासाची एक पुडीही सापडेना. दुसऱ्या दिवशी आत्या घरभर सफरचंद शोधत होती.

मी नाशिकला परत आले ती राहायलाच. येवल्यात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच निघून पुण्याला, सुरतेला, आणखी कुठे कुठे गेलेल्या बायांनो, शाम्पूबद्दल मला नंतर जे काही कळलं ते सगळं मी तुम्हाला फुकट सांगत आलेय. पुडीवरच्या बाईकडे बघू नका. आधी पाणी बघा. शाम्पू डोक्याच्या कातडीला, केसांच्या टोकांना नव्हे. फाटलेलं टोक कुठल्याही बाटलीने सांधत नाही, ते कापायचं. पुढे दोन हजार सालानंतर कंडिशनर नावाची वस्तू दुकानात मांडलेली दिसायला लागली. मी एक घेतली, मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं आणि त्यात आंबट पदार्थाचं नाव सापडल्यावर दुकानातच मोठ्याने हसले. विकणारी मुलगी बावरली. तिला मी काय सांगणार होते, की माझ्या आईने हे विहिरीच्या पाण्यावर एकटीने शोधलं होतं, आणि त्याची जाहिरात म्हणजे कडी लावलेलं न्हाणीघर?

माझं लग्न मी टाइप केलेल्या पत्रिकेवरच झालं, नाशिकच्याच माणसाशी. इंदिरानगरला फ्लॅट घेतला. आत्या गेली, मग अण्णा गेले, माग भावाने चालू ठेवला. येवल्याला गेले की आता वहिनी माझ्यासाठी वेगळी बादली भरून ठेवते. 'ताईंना आपलं पाणी चालत नाही,' म्हणते, प्रेमानेच म्हणते, आणि खरंही आहे ते, एका आंघोळीत माझे केस रुसतात. त्या घरातून निघताना मला अजून भरून येतं, पण गाडीने निफाड सोडलं की मन पुढे धावायला लागतं, दूध घ्यायचंय, कुंडीला पाणी घालायचंय. नाशिकमध्ये मी येवल्याची, येवल्यात मी नाशिकची. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर पूर्वी मला दोन्ही नावं घ्यावी लागायची.

ते एकावर आलं कधी ते सांगून थांबते. अण्णांनंतर आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. कुठेही गेलं तरी दुसऱ्या दिवशी परत फिरणारी बाई, म्हणून मी आधीच धसकले होते. तिने पिशवी उघडली नाही, चहा नको म्हणाली, फ्लॅट बघितला नाही, गॅलरीतून दिसणारे डोंगर मी दाखवत होते तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. सरळ बाथरूममध्ये गेली. नळाखाली हात धरला, साबण चोळला आणि येणारा फेस बराच वेळ बघत राहिली. मग प्लास्टिकचं स्टूल ओढून घेतलं, अंबाडा सोडला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. केस पांढरे झाले होते, विरळ, प्रवासात गुंतलेले.

फळीवर माझ्या पाच-सहा बाटल्या होत्या. मी एकेक पुढे करून वास दाखवायला लागले. हा घालू की हा? हा सौम्य आहे, ह्याने गुंता सुटतो, हा सफरचंदाचा आहे.

"मला काय विचारतेस," ती म्हणाली. "पाणी तुझं हाय. तू सांग."